नव्या इमारती सगळ्या एकाच छापाच्या का? तुमचे अनुभव लिहा

पार्ले पूर्व, मुलुंड, बोरिवली, चेंबूर... कुठेही जा, पुनर्विकासात उभी राहिलेली इमारत एकच: खाली गाड्यांच्या मजल्यांचा पोडियम, वर करडा-पांढरा रंग, मधून एखादा चॉकलेटी पट्टा, काचेचं रेलिंग आणि गेटवर परदेशी नाव. आमच्या गल्लीतल्या ‘मातृछाया’च्या जागी आता जे आहे त्याचा उच्चार मी वॉचमनकडून शिकले.

सौंदर्यशास्त्र नकोय. पुनर्विकसित घरात राहत असाल, जाणार असाल किंवा सही न करता अडून बसला असाल, तर रोजच्या जगण्यात हा एकसारखेपणा कुठे टोचतो, कुठे टोचत नाही, ते सांगा. बिल्डरांची नावं आणि भाव कृपया नकोत, त्यावरची भांडणं इतरत्र जोरात चालू आहेत.

माझं सांगते. जुन्या घरात प्रत्येक खिडकीवर छज्जा होता. जुलैतल्या धो धो पावसातही खिडकी उघडी ठेवून खाली पोळ्या लाटता यायच्या. नव्या घरात एलिव्हेशन (इमारतीची दर्शनी बाजू) अगदी सपाट, छज्जा वीतभरही नाही. खिडकी सरकती, म्हणजे कधीही अर्धीच उघडणार. ती अर्धीही जूनमध्ये बंद होते ती गणपती उठेपर्यंत. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल?
– पार्लेकरीण

---

माझ्याच डोक्यातून, असं समजा. आर्किटेक्टच्या ऑफिसात म्युनिसिपल ड्रॉइंगं करतो, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो.

२०१२ पूर्वी बाल्कनी ठरावीक मर्यादेत एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशोबाच्या, बाहेर होती. फ्लॉवर बेड, डक्ट हेही मोजत नसत. त्यामुळे आम्ही नकाशावर ते भरभरून काढायचो आणि ताबा मिळाल्यावर लोक ते हॉलमध्ये घ्यायचे. इमारतीला बाहेर आलेले, आत गेलेले भाग असायचे ते मुख्यतः या चोरवाटेमुळे, कलेमुळे नव्हे! जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलला. हे सगळं एफएसआयमध्ये धरायला लागले आणि त्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के ‘फंजिबल’ म्हणजे जास्तीचा एफएसआय मिळाला. आता बाल्कनीचा चौरस फूट आणि हॉलचा चौरस फूट हिशोबात सारखाच. मग बाल्कनी कोण काढणार? भिंत सरळ खालून वर जाते.

दुसरं कारण मायवान. अॅल्युमिनियमच्या साच्यांचा संच असतो, भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, साचा सोडवून वरच्या मजल्यावर चढवतात. एक संच शंभरावर वेळा वापरला की तो परवडतो. सातव्या मजल्यावर खिडकी हातभर सरकवायची म्हटलं तरी नवीन पॅनेल लागतं. म्हणून तिसरा आणि तेविसावा मजला जुळे. पार्ले, सांताक्रूझ, घाटकोपरकडे विमानतळाचा फनेल झोन (विमानांच्या वाटेमुळे उंचीला मर्यादा असलेला पट्टा) येतो, तिथे तर सगळ्यांची डोकीही एका रेषेत छाटलेली.

हे सगळं ठरून झालं की शेवटी कोणीतरी म्हणतं, “आता एलिव्हेशन बघूया.” तोवर बघायला उरतो तो रंग.
– नकाशेवाला

---

एकसारख्या घराला नाक मुरडायला आधी स्वतःचा संडास असावा लागतो.

मी वरळीच्या बीडीडी चाळीतला. १९२०च्या दशकातल्या मुंबईभरच्या त्या २०७ चाळीसुद्धा एकाच साच्याच्या होत्या, पण त्यांना तेव्हा कोणी कंटाळवाण्या म्हटलं नाही, कारण म्हणणारे तिथे राहत नव्हते. १६० फुटांची खोली, गॅलरीच्या टोकाला सामायिक संडास. ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्याकडे पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या. ५०० फूट कार्पेट, दोन बेडरूम. टॉवर कसा दिसतो हे आमच्या घरात एकानेही विचारलं नाही.

आईचं मात्र वेगळं चाललंय. तिला दार लावून बसवत नाही. उंबऱ्यात प्लास्टिकचं स्टूल टाकते आणि मेथी निवडत बसते. लॉबीतला दिवा सेन्सरवाला, कोणी हललं नाही की विझतो. अंधार झाला की ती मेथीची काडी हवेत फिरवते, दिवा लागतो, परत निवडायला सुरुवात. समोरच्या काकूंनीही आता स्टूल आणलंय. दोघींत एकीने हात हलवला तरी भागतं.
– वरळी नाका

---

मुलुंड. सुतार मापं घ्यायला आला तो टेप न आणता. “ताई, तुमच्या लाइनीतली पाच किचनं केलीत, माप फोनमध्ये आहे.” खरंच होतं. आमच्या विंगमध्ये खालपासून वरपर्यंत सगळ्यांचा फ्रिज एकाच कोपऱ्यात आणि देव्हारा एकाच भिंतीवर. खिळा ठोकायची तर सोयच नाही, सगळी भिंत काँक्रीटची. ड्रिलवाला भोकामागे पैसे घेतो, म्हणून सासऱ्यांचा फोटो आधीपासून भोक होतं तिथेच लागला, टीव्हीच्या वर. ते रोज आमच्यासोबत मालिका बघतात.

फायदाही सांगते. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू गेले, त्यांचे पडदे मी अर्ध्या किमतीत घेतले. एक टाकासुद्धा घालावा लागला नाही.
– आरती_मु

---

चारकोपहून थोडं वेगळं. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या योजनेत आम्हाला इथे छोटे प्लॉट मिळाले. घर ज्याने त्याने आपापल्या ऐपतीने बांधलं, सगळी मधल्या चौकाभोवती. प्लॉट सारखेच, पण घरं? कोणाकडे हिरव्या टाइल्स, कोणाकडे जिन्याला मोराची जाळी. पोस्टमनला नंबर लागायचाच नाही, “मोराच्या जाळीवाले” म्हटलं की पत्र पोचायचं. दिसायला सुंदर म्हणणार नाही मी. बरीचशी विद्रूपच आहेत, आमचं धरून. भिंतीला लागून भिंत असल्याने मधल्या खोलीत दिवसाही दिवा लागतो. तरी नातेवाइकांपैकी टॉवरमध्ये गेलेला प्रत्येक जण आमच्याकडे आला की गच्चीवर जाऊन बसतो.
– चारकोप सेक्टर

---

नियमांना एवढं झोडपू नका. आमच्या दादर-माटुंग्याच्या कॉलन्यासुद्धा नियमांनीच घडल्या. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने रस्ते आखले, मोकळी जागा किती सोडायची ते ठरवून दिलं. मरीन ड्राइव्हला तर सगळ्या इमारती एका उंचीच्या आणि २०१८ मध्ये त्या जागतिक वारसा यादीत गेल्या. फरक मालकीचा होता. एका माणसाची एक इमारत, त्याला ती भाड्याने द्यायची, पुढे मुलाबाळांना ठेवायची. मग तो जिन्याच्या खिडकीला उगवत्या सूर्याची जाळी करून घ्यायचा, इमारतीचं नाव सिमेंटच्या अक्षरांत कोरून घ्यायचा. आजचा बिल्डर ओसी (इमारत वापरायचा पालिकेचा दाखला) मिळाली की गेला.
– पाचवी गल्ली

---

पवईत या. आमच्याकडे करडा रंग औषधालाही नाही. हिरानंदानी गार्डन्समध्ये हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी ग्रीक-रोमन खांब, कमानी सगळं दिलंय. तरी पाहुणे चुकीच्या इमारतीखाली उभे राहून फोन करतातच. पण राहायला मला आवडतं, आणि त्याचं कारण खांब नव्हेत. खाली दुकानं आहेत, फुटपाथ आहे, झाडं आहेत. चालताना वर कोण बघतो? नव्या पुनर्विकासात माझी तक्रार पोडियमबद्दल आहे. रस्त्याच्या पातळीला तीन-चार मजले नुसत्या गाड्या. पूर्वी तळमजल्यावरचे आजोबा खिडकीतून सगळ्या गल्लीवर लक्ष ठेवायचे, आता तिथे स्टॅक पार्किंगची मशीन घरघरते.
– तलावाकाठी

---

बोरिवलीत सोसायटीचा सेक्रेटरी आहे, पुनर्विकास चालू. जाणाऱ्यांसाठी सांगतो: जे हवं ते बिल्डरशी डेव्हलपमेंट अॅग्रीमेंट करायच्या आधी मागा. ७९(अ)च्या, म्हणजे बिल्डर निवडायच्या, सभेत आमच्याकडे सगळा वेळ कार्पेट, कॉर्पस (बिल्डरने सभासदांना द्यायची रक्कम) आणि भाड्यावर गेला. खिडकी हा शब्दच निघाला नाही. मीच छज्ज्याचा विषय काढला तर एक सभासद म्हणाले, “त्यापेक्षा दहा फूट वाढवून मागा.” टाळ्या त्यांना पडल्या. नकाशेवाले, छज्जा एफएसआयमध्ये धरतात का?
– सेक्रेटरी (नाइलाजाने)

---

नाही धरत, ठरलेल्या रुंदीपर्यंत. पण साचा किचकट होतो, वेळ जातो, आणि ब्रोशरच्या चित्रात छज्जा जुनाट दिसतो. साचे कारखान्यात बनायला जाण्याआधी सांगितलंत तर होतं. नंतर नाही.
– नकाशेवाला

---

आमचे साचे अजून गेले नाहीत. उपनगरात कुठे मायवानच्या नव्या इमारतीला खरे छज्जे पाहिले असतील तर ठिकाण सांगा, रविवारी जाऊन फोटो काढतो. कमिटीला तोंडी काही पटत नाही.
– सेक्रेटरी (नाइलाजाने)