दोन झिऑनवाला सर्व्हर माझ्या लॅपटॉपपेक्षा हळू का? मदत हवी आहे

खिळेजुळारी

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड आहेत. पानं ३०० डीपीआयला स्कॅन करून झालीत, आता मजकुरात शोध घेता यावा म्हणून टेसरॅक्ट ५ हे सॉफ्टवेअर वापरून मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) चाललंय. सध्या सगळं माझ्या लॅपटॉपवर आहे: रायझन ७ ५८००एच प्रोसेसर, ८ कोअर (प्रोसेसरमधली खरी गणनाकेंद्रं), १६ थ्रेड (एकेका कोअरवर एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या दोन-दोन रांगा). कार्यकारिणीचं म्हणणं पडलं की वाचनालयाचं स्वतःचं मशीन असावं. रास्त आहे.

पुण्यातल्या एका सेकंडहँड विक्रेत्याकडे टॉवर सर्व्हर मिळतोय, आत इंटेलचे दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर. तो "५६ कोअर" म्हणून विकतोय, पण लिनक्सची एलएससीपीयू ही आज्ञा २८ कोअर आणि ५६ थ्रेड दाखवतं. तरी लॅपटॉपच्या साडेतीनपट झाले की! त्याने चाचणीसाठी लॉगिन दिलं आणि तिथेच घोळ झाला. एकच पान दोन्हीकडे चालवलं तर सर्व्हरला सरळसरळ जास्त वेळ लागतो. मग अख्खा अंक दिला, एका वेळी ५६ पानं. टॉपमध्ये (प्रोसेसर किती व्यग्र आहे ते दाखवणारी आज्ञा) सगळे थ्रेड शंभर टक्के, आणि पानं बाहेर पडायचा वेग लॅपटॉपच्या जेमतेम बरोबरीचा.

त्याच्याकडे आणखी एक स्वस्त मशीन आहे, तेही २६८०च, पण शेवटी व्ही२. फरक किती पडेल? आणि बेंचमार्कच्या (वेगचाचण्यांच्या) साइटवरचा कोणता आकडा धरायचा, सिंगल (एका कोअरचा) की मल्टी (सगळ्या कोअरचा मिळून)? पैसे वर्गणीचे आहेत, म्हणून विचारून घेतोय.

धुळाक्षर

एका पानाचं कोडं सोपं आहे. टेसरॅक्ट एका पानासाठी फार तर चार थ्रेड वापरतं. उरलेले बावन्न तुमच्या पानाकडे बघत बसतात. तेव्हा एका पानाला लागणारा वेळ ठरतो तो एकेका कोअरच्या वेगावर. तुमचा झिऑन २०१६चा, ब्रॉडवेल घराण्यातला. मूळ क्लॉक (ठोक्यांचा वेग) २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.३. ५८००एच २०२१चा, झेन ३ घराण्यातला, बूस्ट ४.४ पर्यंत. शिवाय झेन ३ प्रत्येक क्लॉकमागे कामही जास्त उरकतो, त्यामुळे गिगाहर्ट्झच्या नुसत्या गुणोत्तरात दिसतो त्याहून फरक मोठा पडतो. तेव्हा "सर्व्हर म्हणजे वेगवान" हे डोक्यातून काढा. सर्व्हरचा प्रोसेसर पुष्कळ कामं एकत्र, दिवसरात्र, ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या) रॅमवर न चुकता चालवायला बनवलेला असतो. एकटं काम लवकर संपवणं हा त्याचा प्रांत नाही.

आणि थ्रेडला कोअर म्हणून विकणं ही जुनी खोड आहे. क्लाउडवाले व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) म्हणतात तोही बहुतेक वेळा थ्रेडच असतो.

बॅचप्रोसेस

अख्ख्या अंकाचं कारण वेगळं आहे. तुम्ही ५६ टेसरॅक्ट सोडलेत, प्रत्येकाने चार थ्रेड काढले, म्हणजे २२४ थ्रेड ५६ जागांसाठी भांडतायत. टॉपमधले शंभर टक्के बघून खूश होऊ नका, त्यातला बराच वेळ एकमेकांची वाट बघण्यात जातो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ओएमपी_थ्रेड_लिमिट=१ (म्हणजे प्रत्येक टेसरॅक्टला एकच थ्रेड) एक्स्पोर्ट करा आणि पुन्हा चालवा. आधी एका वेळी २८ पानं, मग ५६. हायपरथ्रेडिंग म्हणजे एकाच कोअरवर दोन थ्रेड, त्यामुळे ५६ वर वेग दुप्पट होणार नाही, थोडाफार वाढेल. आणि न्याय म्हणून लॅपटॉपवरही तेच करा, आधी ८, मग १६.

टॉपमध्येच डब्ल्यूए नावाचा आकडा असतो, डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, तोही बघा. सेकंडहँड सर्व्हरमध्ये बरेचदा फिरणारी हार्डडिस्क असते. स्कॅनची एवढी टिफ चित्रं एकदम मागितल्यावर प्रोसेसर मोकळा आणि डिस्क घामाघूम, असं होतं.

धुळाक्षर

व्ही२ घेऊ नका, फुकट दिलं तरी दोनदा विचार करा. आकडा तोच, पण तो २०१३चा आयव्ही ब्रिज. प्रत्येकी १० कोअर, डीडीआर३ रॅम, आणि मुख्य म्हणजे एव्हीएक्स२ (एका फटक्यात पुष्कळ आकडे हाताळणाऱ्या सूचना) नाही. ते हॅसवेलपासून, म्हणजे झिऑन ई५ मध्ये व्ही३ पासून आलं. टेसरॅक्टचं न्यूरल नेटवर्क एव्हीएक्स२ असलं तर ते वापरतं, नसलं तर जुन्या एसएसई सूचनांवर उतरतं. टेसरॅक्टला --व्हर्जन देऊन चालवा, खाली "फाउंड एव्हीएक्स२" अशी ओळ येते का बघा.

तुम्ही टेसरॅक्टचं मॉडेल (अक्षरं ओळखायला शिकवलेली फाइल) कोणतं घेतलंय, फास्ट की बेस्ट? बेस्ट बरंच हळू चालतं. दोन मशीनवर दोन वेगळी मॉडेलं पडली असतील तर सगळी तुलनाच बाद.

आडवाटेचा पांथस्थ

प्रोसेसरमधलं मला फारसं कळत नाही, पण विजेचं बघा. १२० वॅटचे दोन म्हणजे नुसत्या प्रोसेसरचे २४० वॅट. पूर्ण भाराने रोज दहा तास चालवलं तर २.४ युनिट, बाकी मशीन वेगळंच. लॅपटॉपचा प्रोसेसर ४५ वॅटचा. पंखेही घोंघावतात हो, वाचनालयात वाचक बसतात ना?

बॅचप्रोसेस

ते ४५ वॅट जपूनच धरा. लॅपटॉप पहिली काही मिनिटं त्याहून जास्त खेचतो, मग तापला की क्लॉक उतरतो. बेंचमार्कच्या साइटवरचे आकडे बहुधा त्या पहिल्या जोरातले असतात. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तासभर ओसीआर हे प्रकरण वेगळं. म्हणून तासभर चालवा आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत किती पानं झाली ते मोजा. तुमच्यासाठी हाच बेंचमार्क. साइटवरचा सिंगल आकडा एका पानाबद्दल बोलतो आणि मल्टी अंकाबद्दल, तोही आदर्श परिस्थितीत.

खिळेजुळारी

सगळ्यांचे आभार. मॉडेल दोन्हीकडे फास्टच आहे, व्ही४ वर एव्हीएक्स२ ची ओळही येते. ओएमपीची मर्यादा घातली आणि सर्व्हर एकदम सुटला. अख्ख्या अंकात तो आता लॅपटॉपच्या पुढे आहे. साडेतीनपट मात्र नाही, कारण त्याच एका ओळीने लॅपटॉपही बराच सुधारला. २८ वरून ५६ वर नेल्याने जेमतेम फायदा. डब्ल्यूए चढलेला होता. आत हार्डडिस्कच आहे, एसएसडीचं विक्रेत्याला विचारलंय.

तासभराची चाचणी लॅपटॉपवर केली. चाळीसेक मिनिटांनी वेग उतरतो, पण थोडाच. तेव्हा मी कार्यकारिणीला सांगणार आहे की स्कॅन झालेल्या पानांसाठी सर्व्हर घ्यायची गरज नाही, रात्री लॅपटॉप लावून ठेवला तरी उरकेल. दुसरं वाचनालयही त्यांचे खंड द्यायला तयार आहे, ते ठरलं तर व्ही४ बघू, तोही एसएसडीसकट.

आता खरी अडचण दुसरीच आहे. खिळे जुळवून छापलेल्या पानांत अनुस्वार पुसट उठलेत आणि फास्ट मॉडेल ते सर्रास गाळतं. बेस्ट मॉडेलने यात फरक पडतो का, की स्कॅनच ६०० डीपीआयला पुन्हा करावे लागतील? कुणी जुन्या मराठी छपाईवर दोन्ही करून पाहिलंय का?