सांगलीतला श्रावण आणि कृष्णेचे पाणी

श्रावण लागला की आषाढातला जोर ओसरतो आणि ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो, हे नेहमी ऐकू येणारे निरीक्षण आभाळापुरते मलाही मान्य आहे. नदीकाठच्या सांगलीला मात्र ते पुरत नाही. सांगली शहरात पडणारा पाऊस बेताचाच, पण कृष्णेचे पाणी चढते ते महाबळेश्वर आणि कोयनेच्या खोऱ्यात कोसळणाऱ्या पावसामुळे व धरणांतून होणाऱ्या विसर्गामुळे, म्हणून महिना पालटला की आमची नजर आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे जाते, जिथे पाण्याची पातळी मोजतात. अंगणात स्वच्छ ऊन पडलेले असताना पुलाजवळची पातळी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून ४५ फुटांच्या धोका पातळीकडे सरकताना मी पाहिली आहे.

२०१९ साली नागपंचमी ५ ऑगस्टला होती आणि त्याच आठवड्यात पाण्याने ५७ फूट ओलांडले. पाटावर गंधाने काढलेले नाग तसेच ठेवून आम्ही धान्याचे डबे वरच्या मजल्यावर हलवत होतो. तेव्हापासून श्रावणातले पहिले ऊन मला सुंदर वाटते, पण पुलावरचा आकडा कळेपर्यंत त्यावर विश्वास ठेवायला मन धजावत नाही.