प्रतिसाद: एसक्यूएलच्या पुढची तयारी

पदवीला डीबीएमएसचा (डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रणालींचा) एकच पेपर झालाय, तेवढ्यावर डेटाबेसमधलं संशोधन जमेल का, या प्रश्नावर वर बहुतेकांनी 'एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) पक्कं करा' असं सुचवलंय. ते हवंच, पण खरी उणीव असते ती डेटाबेस इंजिनाच्या आत काय चालतं याची. बी-प्लस ट्री (इंडेक्सची रचना), बफर पूल (डिस्कवरची पानं मेमरीत ठेवायची जागा) आणि राइट-अहेड लॉग (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवणारी फाइल) स्वतः कोड लिहून पाहिल्याशिवाय नीट उमगत नाहीत. सी++ किंवा रस्ट त्यासाठीच लागतं.

ट्रान्झॅक्शनवर, म्हणजे एकतर पूर्ण होणाऱ्या नाहीतर पूर्ण रद्द होणाऱ्या कामांच्या गटावर, सगळ्यात जास्त वेळ द्या. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दोन सेशन उघडा, दोन्हीकडे 'रिपीटेबल रीड' ही आयसोलेशनची (ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून वेगळी ठेवण्याची) पातळी लावा. टेबलात ड्यूटीवरचे २ डॉक्टर ठेवा. दोन्ही सेशननी आधी मोजावं, २ दिसले की वेगवेगळ्या डॉक्टरला सुट्टी द्यावी. दोन्ही कमिट होतात (बदल पक्के होतात) आणि ड्यूटीवर कुणीच उरत नाही! कारण दोघांनी आपापला जुना स्नॅपशॉट (डेटाचं त्या क्षणीचं चित्र) वाचला आणि बदललेले रो वेगळे असल्याने टक्करच झाली नाही. हेच 'सीरियलायझेबल' या सगळ्यात कडक पातळीवर केलं की एकाला ४०००१ ही एरर येते. ते ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवायचं, नुसतं शेवटचं अपडेट नव्हे.

क्वेरी ऑप्टिमायझर (क्वेरी चालवायचा स्वस्त मार्ग निवडणारा भाग) समजण्यासाठी 'एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ' या कमांडमधला रोंचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा ताडून पाहा. शंभरपट तफावत असेल तर बहुधा टेबलाबद्दल डेटाबेसने साठवलेली आकडेवारी शिळी झालेली असते, नाहीतर दोन कॉलम एकमेकांवर अवलंबून असतात. संख्याशास्त्र इथे उपयोगी पडतं, ते टाळू नका.

वाचनाला कॉड यांचा १९७० चा रिलेशनल मॉडेलवरचा पेपर आधी घ्या, मग सी. मोहन आणि सहकाऱ्यांचा १९९२ चा एरीज, म्हणजे क्रॅशनंतर लॉगवरून डेटाबेस सावरण्याच्या पद्धतीवरचा पेपर.