कर्नल महाडिकांच्या घरच्यांबद्दलही
कर्नल संतोष महाडिकांचा विषय निघाला, की काश्मीरमधल्या कुपवाड्याच्या, दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीवरच थांबतो. साताऱ्याच्या सैनिक स्कूलमधून घडलेला हा पोगरवाडीचा माणूस २१ पॅराचा, म्हणजे लष्कराच्या विशेष दलातला. १७ नोव्हेंबर २०१५ ला त्या चकमकीत गेला तेव्हा ४१ राष्ट्रीय रायफल्स या दहशतवाद्यांशी लढणाऱ्या तुकडीचा प्रमुख. मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं.

मला मात्र त्यांच्या पत्नी स्वातीताई जास्त आठवतात. दोन लहान मुलं, लष्करात शिरायला वयाची अट आडवी. तरी चेन्नईचं खडतर प्रशिक्षण पुरं करून सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या! आमच्या नाशिकरोड-देवळालीत तोफखान्यामुळे फौजी कुटुंबं शेजारीच. नवरा सीमेवर असताना मुलांची शाळा, सासऱ्यांचं औषधपाणी एकटीने ओढणाऱ्या वहिनी इथे रोज दिसतात. सत्काराच्या हारापलीकडे (तोही बहुधा २६ जानेवारीलाच) त्यांची चौकशी कोण करतं?