टेस्ट पास झाले, आता एकटीने कार काढू का?

फोंड्याची शिकाऊ: काल कारची टेस्ट पास झाले. लायसन्स हातात नाही. पणजीला एकटी जाऊ? बाबा म्हणतात, थांब.

डिचोलीकर काका: बाबांचं ऐक गो. सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर स्टेटस बघत राहा. लायसन्स मिळेपर्यंत गाडीवरचा शिकाऊचा ‘एल’ काढायचा नाही, शेजारी लायसन्सवाला माणूस हवाच. डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये आलं की पोलिसांना तेही चालतं. मोबाइलमधला साधा फोटो नव्हे. मग भल्या पहाटे फर्मागुडीच्या चढावर जा, हँडब्रेक सोडून गाडी मागे न जाता उचलायला शीक. चोर्ला घाट पावसाळा सरल्यावर बघू.

मडगावची: मी नापास! परत कधी?

डिचोलीकर काका: ७ दिवसांनंतर. तोवर रिव्हर्स घोटव.

फोंड्याची शिकाऊ: काका, पणजीच्या अटल सेतूवरून स्कूटर?

डिचोलीकर काका: दुचाकीला बंदी आहे!