घर हलवताना ओव्हन सगळ्यात शेवटी बांधा
'घरातलं माणूस गेलंय, त्यात घर हलवायचंय, अशात केक कसले भाजत बसता, विकत आणा' असं एकीने सुचवलं, ते मला अर्धंच पटलं. क्रीम, सजावट नकोच. पण सासूबाई गेल्यावर घर रिकामं करताना मी आणि नणंद साधंसुधं काहीतरी भाजत असायचो; मैद्याची, कोकोची फोडलेली पाकिटं नाहीतरी संपवायचीच होती. वजनकाटा खोक्यात गेलेला, म्हणून सगळं एकाच कपाने मोजायचं. मुलं पीठ ढवळायला आपणहून यायची आणि आजीबद्दल बोलायची. सामान बांधताना मात्र सगळे गप्प.

आणखी एक सांगते: अशा धावपळीत लोण्याऐवजी तेलाचा केक करा. लोणी गार झालं की घट्ट होतं, तेल पातळच राहतं, त्यामुळे केक दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो. पिकलेलं केळं घातलं तर आणखीच. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, तिथे मैद्यातला स्टार्च (पिठूळ भाग) लवकर घट्ट होऊन केक शिळा लागतो (आणि फ्रिज तसाही रिकामा करून पुसायचा असतो). घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवा. केळ्याचा असेल तर लवकर संपवा, उकाड्यात बुरशी धरते.