'रिकव्हरी'ला मराठीत काय म्हणावं?

दुभाष्या: तेलविहिरींवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. म्हाताऱ्या झालेल्या तेलसाठ्यात थोडं पाणी, मग थोडा कार्बन डायऑक्साइड, पुन्हा पाणी असं आलटूनपालटून दाबाने सोडतात आणि खडकात अडकून बसलेलं तेल पुढे रेटतात. इंग्रजीत 'वॉटर अल्टरनेटिंग गॅस', लाडाने 'वॅग'. तिथवर ठीक. अडलंय 'एन्हान्स्ड ऑइल रिकव्हरी'पाशी, म्हणजे अशा उपायांनी एरवी न निघणारं तेल काढण्यापाशी. 'वर्धित तेल पुनर्प्राप्ती' लिहिलं, तर संपादकांनी लाल रेघ मारून परत पाठवलं.

शुद्धमती: संपादकांना काय खुपलं कळत नाही. शास्त्रीय संज्ञा कानाला गोड लागायलाच हवी असं कुठे आहे?

काथ्याकूट: गोडीचं सोडा, 'पुनर्' कशासाठी? आपल्याकडचं गेलं आणि परत मिळालं तर पुनर्प्राप्ती. हे तेल कोट्यवधी वर्षं खडकात आहे, आपल्याकडे होतं कधी? सरळ 'वसुली' म्हणा.

शुद्धमती: वसुलीलाही तोच आक्षेप लागू आहे की. खडकाला उसनं दिलं होतं कुणी? शिवाय शब्द अरबीतून आलेला.

काथ्याकूट: अरबीतून आलेला चालत नसेल तर 'शिवाय'ही काढून टाका वाक्यातून.

आडवाट: इतका चांगला 'उपसा' असताना का भांडताय? वाढीव तेलउपसा. चार अक्षरी पांडित्य हवंय कुणाला.

भूगर्भी: मी याच धंद्यातला, म्हणून सांगतो. 'उपसा' फसवा आहे. पंपाचा वेग वाढवला तरी उपसा वाढतो, पण त्याने रिकव्हरी वाढेलच असं नाही. मुळात साठ्यात जेवढं तेल होतं त्यातला किती हिस्सा वर आला, ती रिकव्हरी. साठ्याचा स्वतःचा दाब संपला, नंतर नुसतं पाणी सोडूनही झालं, तरी बरेचदा निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं. वॅगची धडपड त्या उरलेल्यासाठी. आम्ही मराठीत बोलतानाही 'रिकव्हरी'च म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही.

आडवाट: मग 'उतारा' म्हणा! उसाचा साखर उतारा म्हणतातच ना? शेकडा किती साखर हाती आली ते. इंग्रजीत त्यालाही रिकव्हरीच म्हणतात.

दुभाष्या: हे आवडलं. 'तेल उतारा'. पण वाचणाऱ्याला दृष्ट काढल्यासारखं वाटणार नाही ना?

शुद्धमती: वाटेल. आणि 'गॅस'चं काय केलंत? 'वायू' लिहा, म्हणजे निदान एक शब्द तरी मराठी राहील.

भूगर्भी: नेमका तोच शब्द घोटाळ्याचा. 31 अंश सेल्सिअस आणि 74 बार दाबाच्या वर कार्बन डायऑक्साइड ना धड वायू ना धड द्रव. खोल साठ्यात तो याच अवस्थेत असतो: वजनाला द्रवाच्या जवळ, पातळपणात वायूच्या. त्या पातळपणामुळे तेलाला सरसकट न ढकलता तो मधूनच वाट काढून पुढच्या विहिरीत निघून जातो, आणि तरीही पाण्यापेक्षा हलका म्हणून वरच्या थराकडे चढतो. म्हणून मध्येमध्ये पाणी. पाण्याने त्याची धाव आवरते. पाणी खालचा भाग धुतं, तो वरचा. मात्र दोघं मिळून कार्बोनिक आम्ल होतं आणि पोलादी नळ्या खातं, ते वेगळं.

दुभाष्या: मधूनच वाट काढण्याला लेखात 'फिंगरिंग' आहे. 'अंगुलीकरण'?

आडवाट: देवा! 'फाटे फुटणे' म्हणा.

काथ्याकूट: आणि 'मिसिबल'ला 'एकजीव'. 'मिश्रणीय' नको.

भूगर्भी: एकजीव उत्तम, पण जपून वापरा. कमी दाबाला कार्बन डायऑक्साइड तेलात विरघळतो, तेल फुगतं, पातळ होतं, तरी दोघांमधली सीमा राहते. ठरावीक दाबाच्या वर ती सीमाच पुसली जाते. तेव्हाच एकजीव. जाता जाता, वॅग काल-परवाची नाही. कॅनडातल्या अल्बर्टात 1957 साली पहिला प्रयोग झाला, तोही कार्बन डायऑक्साइड न वापरता, नैसर्गिक वायूच्या जातीचा हायड्रोकार्बन वायू घेऊन. मोठ्या प्रमाणावर कार्बन डायऑक्साइड सोडायला टेक्सासमधल्या सॅक्रॉक तेलक्षेत्रात 1972 ला सुरुवात झाली.

शुद्धमती: माहिती छान. पण 'हायड्रोकार्बन', 'कार्बन डायऑक्साइड'... या धाग्यात मराठी शोधावं लागतंय. 'कर्बद्विप्राणिद' हा शब्द होता आपल्याकडे.

काथ्याकूट: होता खरा, आणि तो पाठ करताना आमचाच प्राण जायचा. शुद्धच हवं तर 'तेल'ही सोडा. तेल म्हणजे तिळाचं. जमिनीखालून निघतं त्याला तेल म्हणणं कसलं शुद्ध?

आडवाट: पेट्रोलियम म्हणजेही लॅटिनमध्ये 'दगडाचं तेल'. आणि आपलं 'रॉकेल' म्हणजे 'रॉक ऑइल'. म्हणजे शब्द आधीच घरात आहे!

शुद्धमती: रॉकेल म्हणजे केरोसीन. कच्च्या तेलाला रॉकेल कोण म्हणेल?

आडवाट: आमची आजी तर रॉकेलही म्हणायची नाही, घासलेट म्हणायची. मी लहानपणी समजायचो की ते घासायला वापरतात.

काथ्याकूट: घासलेट 'गॅसलाइट'वरून आलं म्हणतात.

दुभाष्या: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. उतारा की पुनर्प्राप्ती?

काथ्याकूट: थांबा हो जरा. गॅसलाइटचं घासलेट झालं, मग 'ग'चा 'घ' कसा झाला?